ओपा ह्या आठवड्यात काय शिकायलाय

अण्णा, सुवर्णा परवा सकाळी जाणार आहे, आणि मी अजून तिला सगळं सांगितलेलं नाही. अर्धं काल सांगितलं, तेही तिनं विचारलं म्हणून. उरलंय ते एका वाक्याचं आहे. ते वाक्य माझं नाही, तुमचं आहे, आणि ऐकणारा मी एकटाच होतो.

रोज ठरवतो. सकाळी तुमच्या घराकडं निघतो, नळदुर्गचा बाजार ओलांडेपर्यंत शब्द जुळवतो, आणि तिनं दार उघडून "या सर" म्हटलं की जुळवलेलं सगळं पसार होतं. मग आम्ही पावसानं दिलेल्या ओढीवर बोलतो, दाखल्याच्या कागदांवर बोलतो, तुमच्या पुतण्यानं दुकान कधी उघडावं यावर बोलतो. तीस वर्षं वर्गात उभा राहून मी तोंडाचा पट्टा चालवला आणि आता एका पोरीसमोर एक वाक्य निघत नाही. म्हणून आज लिहायला बसलोय. आधी तुमच्याशी मोकळा होतो, मग तिच्याशी होईन.

तुम्हाला तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणं बसवून पुरलं. अणदूर रस्त्याच्या शेतात, आधी गेलेल्या काकूंच्या शेजारी. मांडी घातलेली, डाव्या तळहातावर लिंग, कपाळाला विभूती, अंगाभोवती बेलाची पानं. आमच्यात जाळतात. राख झाली की माणूस संपला, त्याच्याशी चाललेला वादही संपला, असं धरून चालायला सोपं जातं. तुम्ही मात्र दुकानात गादीवर बसायचात तसेच बसलेले होतात, आणि वरून माती पडायला लागली तेव्हा मला वाटलं, आपलं बोलणं अर्धवट आहे आणि मीच उठून निघालोय. मी पुढं होऊन माती टाकली नाही. लोक म्हणाले, मास्तरांना सोसवत नाही. खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे.

खत-बियाणांचं दुकान तुमचं, शाळा माझी. आपली ओळख झाली ती तुमच्या लेकीमुळं, सुवर्णामुळं. माझ्या वर्गात होती, आणि भूगोलाच्या तासाला मातीचं विचारून मला भंडावून सोडायची. काळी माती उन्हाळ्यात का फाटते, हे तिला पुस्तकातल्या दोन ओळींनी पटायचं नाही. पुढं ती शेतकी शिकली आणि हॉलंडमध्ये जाऊन मातीचंच पुढचं शिकायची संधी आली, तेव्हा तिचा अर्ज मी भरून दिला. तुमच्या दुकानात, तुमच्याच काउंटरवर बसून. सही करताना तुम्ही विचारलंत, "दोन वर्सांनी परत येनार न्हवं मास्तर?"

"येणार तर. जाईल कुठं?" मी म्हणालो.

ती परत आली नाही. तिथंच नोकरी, आणि यान नावाच्या तिथल्याच मुलाशी लग्न. तुम्ही दोन वर्षं तिच्याशी बोलला नाहीत आणि सहा महिने माझ्याशी. मी दुकानासमोरून जायचो आणि तुम्ही वजनकाट्याकडं टक लावून बसायचात, काट्यावर काही नसताना. अबोला सोडलात तोही तुमच्याच पद्धतीनं. एक दिवस रस्त्यातून हाक मारून म्हणालात, "मास्तर, या. तुमच्या विद्यार्थिनीला पोरगी झाली." माझी लेक म्हणायला जीभ वळत नव्हती. पण पेढा तुम्ही स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात कोंबलात आणि मला ठसका लागला तेव्हा पाठीवर थापाही मारल्यात. त्या थापा जरा जास्तच जोरात होत्या, अण्णा. मी त्या खाऊन घेतल्या, कारण माझ्या वाटणीच्या होत्या.

मीरा बोलायला लागली ती डच भाषेत. "जेवलीस का" एवढं मराठी तिला कळायचं. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, तिकडं दुपारची जेवणं चाललेली असताना, फोनच्या पडद्यावर ती तुम्हाला "ओपा" म्हणायची, म्हणजे आजोबा, आणि मग तुम्ही दोघं नुसते एकमेकांकडं बघत बसायचात. तुम्ही विचारायचात, "शाळंत काय शिकवलं ह्या आठवड्यात?" सुवर्णा मधे पडून तिकडचं इकडं सांगायची. ते तुम्हाला सोसेना. तुम्ही व्यापारी माणूस, मधला दलाल कशाला आवडेल? एका सोमवारी मला बोलावून घेतलंत. "मास्तर, त्या पोरीच्या शाळंतल्या विषयांची नावं मला पायजेत. तिच्या भाषेत. बाकीची भाषा ऱ्हाऊ द्या, ती ह्या जन्मी व्हत न्हाय."

सुवर्णानं फोनवरून नावं सांगितली आणि मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर देवनागरीत उतरवून घेतली. शाळेतल्या चार विषयांवर तुमचं समाधान होईना, तेव्हा तिनं कॉलेजातली, विद्यापीठातली नावंही सांगितली. विस्कुंडे म्हणजे गणित. नातूरकुंडे म्हणजे पदार्थविज्ञान. प्लांटकुंडे झाडांचं, डीरकुंडे जनावरांचं, स्टेरनकुंडे ताऱ्यांचं. तुम्ही यादी वाचलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "हे सगळे कुंडे एकाच भावकीतले दिसत्यात."

मी सांगितलं की कुंडे म्हणजे जाणणं, आपण शेवटी शास्त्र लावतो तसं. मग गणितातलं विस म्हणजे काय, हे तुम्ही सोडेनात. सुवर्णाला विचारलं. विस म्हणजे खात्रीचं. ज्यात शंका नाही ते जाणणं. तुम्ही यादीतल्या त्या शब्दावर बोट ठेवलंत. गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याकडंही बघितलं नाहीत. मग म्हणालात, "लई भारी नाव हाय."

तिथून आपला वाद सुरू झाला तो पाच वर्षं पुरला. तुमचं म्हणणं, नाव असं पाहिजे की पोत्यावर वाचलं की आत काय ते कळावं. त्या लोकांनी विषयांना कुणब्याला समजतील अशी नावं ठेवली, आपण मात्र संस्कृतच्या पाटावर बसवून ठेवली. माझं म्हणणं, नाव ही नुसती खूण असते, तिचा अर्थ कोण धुंडाळत बसतो. मग तुम्ही माझ्या भूगोलावर घसरलात. "भू गोल. पृथ्वी गोल हाय. येवढं सांगायला तीस वर्सं घातलाव व्हय मास्तर?" त्यांच्याकडं भूगोलाला आर्डरायक्सकुंडे म्हणतात, पृथ्वीच्या राज्याचं जाणणं. ते कळल्यावर आठवडाभर तुम्ही मला "राज्यवाले" म्हणून हाक मारलीत, भर रस्त्यात, एसटीची वाट बघणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्यांसमोर. तत्त्वज्ञानाला त्यांचा शब्द वाइसबेखेर्टे, शहाणपणाची हाव. तुम्ही म्हणालात, हाव ती हावच, मग कशाची का असंना.

आणि एक शब्द होता स्खायकुंडे. रसायनशास्त्र. सुवर्णानं सांगितलं, स्खाय म्हणजे वेगळं करणं. एकात मिसळलेलं वेगवेगळं काढायचं जाणणं. मी लगेच शिकवायला लागलो की रसायनात नुसतं वेगळं करणं नसतं, जोडणंही असतं, हे नाव अपुरं आहे. तुम्ही फवारणीच्या बाटल्यांवरची धूळ पुसत होतात. मान वर न करता म्हणालात, "वेगळं करायचं शास्तर आपल्याकडं बी हाय की. त्याला शाळा म्हनत्यात."

मी चहा तसाच ठेवून उठलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही धपाटे आणि दही घेऊन माझ्या घरी आलात, पोटभर गप्पा मारल्यात, पण त्या वाक्याचं नाव काढलं नाहीत. मीही काढलं नाही. ते तसंच राहिलं. कधी वाटतं तुमचं चुकलं होतं, सुवर्णाला मी तोडलं नाही, तिची वाट मोकळी करून दिली. आणि सकाळी तुमच्या घराकडं निघालो की वाटतं, अण्णा बरोबर बोलले होते. मेलेल्या माणसाशी वाद घालण्यात एक मोठी अडचण आहे, तो ऐकून घेतो.

तुम्ही दुकानातल्या रॅकना ती नावं दिलीत, तेव्हा मात्र मी कपाळाला हात लावला. खताच्या थप्पीवर पुठ्ठा, बोडमकुंडे, म्हणजे मातीचं जाणणं. बियाणांच्या कप्प्यावर प्लांटकुंडे. औषधांच्या कपाटावर स्खायकुंडे. पंधरा दिवसांत अणदूरचे, इटकळचे शेतकरी बिनदिक्कत म्हणायला लागले, "अण्णा, त्या बोडमकुंडेतलं एक पोतं काढा." कुणी विचारलंही नाही की ही कुठली कंपनी.

आणि मग तो रविवारचा खेळ. मीराचा फोन आला की तुम्ही घसा साफ करून म्हणायचात, "ओपा ह्या आठवड्यात काय शिकायलाय?" मग विषयाचं डच नाव, आणि मग फोन फिरवून दाखवायचं. डीरकुंडेला शेजारची म्हैस. वेअरकुंडेला, म्हणजे हवामानाला, रिकामं आभाळ. स्टेरनकुंडेच्या रविवारी मी म्हणालो, अण्णा, पाच वाजता तारे कुठून आणणार? तुम्ही गोदामात शिरलात, दार लावून घेतलंत आणि फोन वर केलात. पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं होती, त्यातून ऊन येत होतं. मीरा श्वास रोखून बघत राहिली. त्या दोघी मायलेकी मिळून दहापैकी मार्क द्यायच्या. त्या दिवशी तुम्हाला दहा मिळाले आणि तुम्ही मला विचारलंत, "मास्तर, तुमी कुनाला दिलाव का कधी दहापैकी दहा?" मी दिले नव्हते, अण्णा. मी हात आखडता घेणारा मास्तर होतो.

पोटात गाठ निघाली ती यंदा उन्हाळ्याच्या शेवटी. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो बघून मान हलवली आणि ऑपरेशनच्या पलीकडं गेल्याचं सांगितलं. रिक्षात बसताना तुम्ही म्हणालात, "ते हेलकुंडे आपल्यासाठी न्हाय म्हनं." हेलकुंडे म्हणजे शस्त्रक्रिया, त्यांच्या शब्दात अखंड करायचं जाणणं. त्या नावावर तुमचा जीव होता. आपल्याकडं शल्य म्हणजे काटा, आपण काट्यावरून नाव ठेवलं, त्यांनी बरं झालेल्या माणसावरून, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतात.

नोकरी सांभाळून सुवर्णानं लिहिलेल्या प्रबंधाची तोंडी परीक्षा पुढच्याच महिन्यात होती. आठ वर्षांचं काम, पाच प्राध्यापकांसमोर उभं राहून त्याची बाजू मांडायची, मग डॉक्टरेट. तुम्ही मला जवळ बसवलंत, माझा हात धरून गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर ठेवलात आणि म्हणालात, "तिची परीक्षा हुईस्तोवर सांगायचं न्हाय. आण हाय." मी लिंगायत नाही, पण त्या डबीवर हात ठेवल्यावर तुमच्याकडं माणूस शब्द फिरवत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं होतं. मी म्हणालो, "आण."

त्यानंतरचे चार रविवार तुम्ही चेहरा दाखवला नाहीत. फोन सगळा वेळ रॅककडं, आवाज मागून. आवाज तेवढा तुम्ही ठणठणीत लावायचात आणि फोन बंद झाला की पोत्याला टेकून बसायचात. मी म्हणायचो, सांगून टाकू. तुम्ही म्हणायचात, "साकु, मास्तर." पुरे झालं. दुखायला लागल्यापासून तुमच्या तोंडात मराठीपेक्षा कानडी जास्त यायला लागली होती.

पाचव्या रविवारी तुम्ही दवाखान्यात होतात. सलाइन चालू, डोळे मिटलेले. पाच वाजता उशापाशी फोन वाजला. "तुमी घ्या," तुम्ही म्हणालात. "भाईर जाऊन घ्या. ओपा शेतात गेलाय म्हना."

मी व्हरांड्यात गेलो. फोन छातीशी धरला, कॅमेरा समोरच्या भिंतीकडं. मीरा म्हणाली, "ओपा?" आणि मी अडकलो. तिला समजेल असा शेताला शब्द मला येत नव्हता. पाच वर्षं आपण जे शिकलो त्यात सगळी विद्यापीठं होती, पण शेत नव्हतं, दुखणं नव्हतं, लवकर ये असं म्हणायला एक शब्द नव्हता. सुवर्णा मागं स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज येत होता. मी मराठीत नुसती हाक मारली असती तर ती समोर आली असती. हाक मारायची नाही, कारण आण. आणि गप्प बसायलाही छाती नाही. मग मी मास्तरकी केली.

"ओपा," मी म्हणालो, "खेनेसकुंडे."

खेनेसकुंडे म्हणजे वैद्यक. बरं करायचं जाणणं. माझ्या मनात काय होतं ते तुमच्यापासून कशाला लपवू? शब्द तर तोंडातून गेला. सुवर्णा हुशार आहे, तिला कळेल. आणि नाही कळलं तर माझी आण शाबूत. दोन्ही डगरींवर हात. मीरा आनंदानं किंचाळली आणि तिनं तो शब्द आईला ओरडून सांगितला, कारण तिच्या लेखी हा खेळच होता, दर रविवारचा. भांडी थांबली. मग सुवर्णा हसली.

"सर, अण्णांनी आज दाखवलं काहीच नाही," ती लांबूनच म्हणाली. "नुसतंच नाव. सहा मार्क."

"बरं," मी म्हणालो, आणि फोन बंद केला. तुमच्या खोलीचं दार उघडं होतं, अण्णा. फोन नुसता वळवायचा होता.

मग मी आत आलो. आत तुम्ही काय विचारलंत, मी काय सांगितलं आणि तुम्ही काय म्हणालात, ते पुढं लिहितो. आत्ता हात धजत नाही.

गुरुवारी सकाळी तुम्ही गेलात. मी सुवर्णाला फोन केला आणि या वेळी सरळ मराठीत सांगितलं. ती "हो" म्हणाली. पुन्हा एकदा "हो" म्हणाली. कुणासाठी थांबायचं नाही असं तुम्हीच बजावून ठेवलेलं, त्यामुळं संध्याकाळी सगळं उरकलं, आणि ती शनिवारी मीराला घेऊन पोचली तेव्हा शेतात नुसता ओल्या मातीचा उंचवटा होता. सोमवारी तिची परीक्षा होती. तिनं विद्यापीठाला पत्र पाठवलं आणि त्यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं, हवा तेवढा वेळ घ्या. ज्या सोमवारसाठी आपण महिनाभर खोटं बोललो, तो सोमवार एका पत्रानं पुढं सरकला. आधीही सरकला असता. हे मला तुमच्याशी भांडून सांगायचं होतं आणि आता भांडणही एकतर्फीच.

मीरा नऊ वर्षांची आहे, तुमच्यासारखी भुवई उचलून बघते. परवा मी तिला दुकानात नेलं. तिनं पुठ्ठ्यांकडं बोट केलं आणि माझ्याकडं बघितलं. भाषा तिची, पण अक्षरं आपली, त्यामुळं तिला वाचता येत नव्हतं. मी एकेक पुठ्ठा मोठ्यानं वाचला. ती माझे उच्चार सुधारत गेली, अगदी कडक बाईंसारखी. औषधांच्या कपाटापाशी मी थांबलो आणि तो शब्द मला वाचवेना.

काल दुपारी सुवर्णा दुकानात कागद लावत बसली होती. मी समोरच्या स्टुलावर. हमरस्त्यावरून ट्रक जात होते, त्यामुळं मधून मधून बोलणं थांबवावं लागत होतं. तिनं एकदम विचारलं, "सर, त्या रविवारी तुम्ही दवाखान्यातून बोलत होता ना?"

मी हो म्हणालो.

"पडद्यावर नुसती भिंत दिसत होती. खाली हिरवी, वर पांढरी. तशी भिंत घरात कुणाच्या असते?" ती कागदांकडं बघत बोलत होती. "मला कळलं होतं सर. चार रविवार अण्णांचा चेहरा दिसला नव्हता. तुम्ही तो शब्द बोललात तेव्हा माझ्या हातात ताट होतं. मी हसले, कारण हसले नसते तर मला निघावं लागलं असतं. परीक्षा आठ दिवसांवर होती."

एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत आम्ही दोघंही थांबलो.

"मीरा मला म्हणाली, सर हसले नाहीत. मी म्हटलं, ते कधीच हसत नाहीत."

मग मी तिला माझ्या बाजूचं सांगितलं. डबी, आण, दोन्ही डगरींवरचा हात, सगळं. तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. इतके दिवस मी ही चूक माझ्या एकट्याची म्हणून सांभाळत होतो, तिच्यात अर्धी वाटणी सुवर्णाची निघाली आणि ओझं मात्र कमी झालं नाही.

मग तिनं विचारलं, "फोन झाल्यावर तुम्ही आत गेलात. अण्णा काय म्हणाले?"

"हसली का, म्हणून विचारलं," मी म्हणालो. "मी सांगितलं, हसली, सहा मार्क दिले. बरं झालं, म्हणाले."

"म्हणजे त्यांना बरं वाटलं ना सर?"

"हो."

ती आल्यापासून पहिल्यांदा रडली. मला वाटलं, हेच योग्य झालं, पोरीला झोप तरी लागेल. घरी येईपर्यंत वाटत राहिलं. घरी येऊन चपला काढल्या आणि लक्षात आलं, मी पुन्हा तेच केलंय. तिच्या भल्यासाठी म्हणून तुम्ही आणि मी मिळून तिला एकदा दाराबाहेर ठेवलं, आणि आता तुम्ही नसताना मी एकटाच तिला बाहेर ठेवतोय. तुमची परवानगी विचारायची सोय नाही. मी कागद पुढं ओढलाय तो त्यासाठी. सांगितलं तर ती ते आयुष्यभर वागवील, हे मला कळतं. न सांगितलं तर तिच्या बापाची शेवटची इच्छा एका परक्या मास्तराच्या पोटात राहून जाईल. मला एवढं ठेवून घ्यायचा हक्क नाही, अण्णा. परवा सकाळी सोलापूरच्या गाडीत बसण्याआधी हे कागद मी तिच्या हातात देणार आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.

सुवर्णा, तुझे अण्णा "बरं झालं" म्हणाले हे खरं आहे. पण ते तेवढ्यावर थांबले नव्हते. त्यांनी कूस बदलली, भिंतीकडं तोंड केलं, आणि मला वाटलं झोप लागली. सलाइनची बाटली संपत आली तेव्हा, माझ्याकडं न वळता, ते म्हणाले, "मास्तर, तुमी आण मोडून सांगितलं असतं, तरी म्या रागावलो नसतो."